तावी लावणाऱ्याला अडाणी म्हणण्याआधी

मादागास्करचं खेडं आपल्याला दोनच प्रकारे दाखवतात. एक ट्रॅव्हल व्हिडिओवाले, म्हणजे लाल मातीचा रस्ता, बाओबाबची झाडं, कॅमेऱ्यामागे धावणारी अनवाणी पोरं आणि वर आवाज की बघा मित्रांनो, यांच्याकडे काहीच नाहीये तरी किती खूश आहेत. दुसरे डॉक्युमेंटरीवाले, त्यांचा ड्रोन धुरातून वर जातो, खाली डोंगर जळतोय (जंगल जाळून भात लावायच्या या पद्धतीला तिकडे तावी म्हणतात), मग एक घाबरलेला लेमूर, म्हणजे माकडासारखा तिथलाच प्राणी, मग कुणीतरी गंभीर आवाजात सांगतं की गरिबी आणि अज्ञानामुळे हा अमूल्य ठेवा संपत चाललाय. पहिल्यात गावकरी सुखी, दुसऱ्यात तोच अडाणी, आणि दोन्हीकडे तो स्वतः फारसा बोलत नाही, बोललाच तर खाली दोन ओळींचं सबटायटल.

मला वाटतं या दोन्ही चित्रांतून एकच गोष्ट गायब आहे, ती म्हणजे गावकऱ्याचा हिशोब. बाहेरच्याला जे रीतिरिवाज, परंपरा, आळस किंवा निरागसपणा वगैरे दिसतं, त्यातलं बरंचसं तांदूळ, मजुरी आणि जोखीम यांचं गणित असतं. ते गणित न विचारताच तिकडे कायदे झाले, अभयारण्यं झाली, मदतीचे प्रकल्प आले आणि पुन्हा पुन्हा फसले. मी तिकडे गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, माझं सगळं वाचलेलं आहे, म्हणजे बाहेरच्यांतलाही मी सगळ्यात बाहेरचा. पण एक बाब गमतीची आहे की आपल्या रस्त्यारस्त्यावरचा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, कुंडीतली सदाफुली पण तिथलीच, आणि ही झाडं आपण इतकी आपली करून टाकली की ती आली त्या बेटावर माणसं कशी राहतात हे बघायचं कुणाला सुचत नाही.

तर तांदळापासून सुरू करू, कारण तिकडे सगळं तिथूनच सुरू होतं. बेट महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट मोठं, लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास, आणि भात सकाळी, दुपारी, रात्री, तिन्ही वेळा (दक्षिणेचा कोरडा भाग सोडला तर, तिकडे मका, कसावा). माणशी वर्षाला शंभर किलोहून जास्त तांदूळ लागतो. भाताबरोबर जे असेल ते, पालेभाजी, वाल, कधी सुकी मासळी, त्या सगळ्याला मिळून लाओका म्हणतात, आणि भांड्याच्या तळाला लागलेल्या खरपुडीत पाणी घालून उकळतात ते जेवणावर प्यायचं. बाजारात तांदूळ मोजायचं माप म्हणजे कापुआका, कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा, साडेतीन डब्यांचा साधारण एक किलो. गावातल्या बाईला तुम्ही महागाईचा दर विचारला तर ती टक्क्यात सांगणार नाही, कापुआका कितीला झाला ते सांगेल, आणि तेवढ्यावरून ती घरात कोण किती जेवेल हेही ठरवेल.

आता या तांदळाची वर्षभराची चाल बघा. मुख्य पीक एप्रिल-मेच्या सुमाराला हातात येतं. तेव्हाच शाळेची फी, कर, उसनवारी, दुकानदाराची उधारी सगळं डोक्यावर असतं, म्हणून शेतकरी तेव्हाच विकतो, सगळेच तेव्हा विकतात, भाव पडलेला असतो, आणि गोळा करणारा व्यापारी ट्रक घेऊन रस्त्याशी उभाच असतो. मग जानेवारी ते मार्च, म्हणजे सगळीकडे हिरवंगार दिसतं पण घरातलं धान्य संपलेलं असतं तो काळ, तेव्हा तोच शेतकरी तोच तांदूळ चढ्या भावाने परत विकत घेतो. नेमक्या याच महिन्यांत चक्रीवादळं येतात, रस्ते वाहून जातात आणि मलेरियाही याच दिवसांत जोरात असतो. ट्रॅव्हल व्हिडिओवाले साधारण जुलै ते ऑक्टोबर या कोरड्या, छान हवेच्या काळात जातात, त्यामुळे त्यांना दिसणारं गाव हे पीक घरात आलेलं गाव असतं. खूश दिसणारच ना लोक. फेब्रुवारीत जा म्हणावं.

या हिशोबाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे भाताची श्री पद्धत, एसआरआय. आपल्याकडे शेतीखात्याच्या शिबिरांतून ती बऱ्याच भात उत्पादकांना माहीत आहे, कोवळं रोप, एकेकच लावायचं, दोन रोपांत अंतर मोठं, आणि शेतात सतत पाणी तुंबवून ठेवायचं नाही. ही पद्धत जन्मली मादागास्करमध्येच, आंरी द लोलानिए नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने तिथल्या शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं काम करून १९८३ च्या सुमाराला ती बसवली. बियाणं कमी, पाणी कमी, खताचा खर्च फारसा नाही आणि उत्पन्न चांगलंच वाढतं. मग ती भारतात आली, व्हिएतनामला गेली, कंबोडियाला गेली. पण मादागास्करच्या खेड्यांतच ती म्हणावी तशी पसरली नाही, आणि ज्यांनी करून बघितली त्यातल्याही बऱ्याच जणांनी सोडून दिली. बाहेरच्यांचं उत्तर तयार होतं की हे लोक परंपरेला चिकटून आहेत, मुरा मुरा, म्हणजे निवांत निवांत, हा त्यांचा स्वभावच आहे.

नंतर अभ्यासकांनी घरोघर जाऊन विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. श्री पद्धतीत लावणीला आणि बेणणीला जास्त हात लागतात आणि ते नेमके धान्य संपलेल्या महिन्यांत लागतात, जेव्हा गरीब घरातली माणसं रोजचा कापुआका मिळवायला दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. म्हणजे मे महिन्यात दुप्पट पीक येईल हे त्यांना पटत होतं, पण त्यासाठी आज स्वतःच्या शेतात राबायचं तर आज संध्याकाळी चूल कशी पेटणार? ज्यांच्या घरात आधीपासून थोडं साठलेलं होतं, पगाराची काही आवक होती, त्यांनी ती पद्धत चालू ठेवली. यात परंपरा कुठे आली? पाणी न तुंबवता, मोकळं अंतर सोडून लावायचं ज्ञान त्यांना मिळालंच होतं, कमी पडला तो तीन महिन्यांचा तांदूळ. तोच तांदूळ उसना देणारी योजना आधी आणली असती तर पद्धत आपोआप पसरली असती असा माझा तर्क आहे, आणि तो हवेतला नाहीये, कारण काही भागात सामायिक धान्यकोठारं चालतात, सुगीत तांदूळ विकायच्या ऐवजी कोठारात ठेवायचा, त्यावर कर्ज घ्यायचं, भाव चढल्यावर सोडवायचा, आणि ही गोष्ट लोकांना समजावून सांगायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज पडत नाही.

आता तावी. पूर्व किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर बेत्सिमिसाराका, तानाला वगैरे लोक जंगलाचा किंवा पडीक झाडोऱ्याचा तुकडा तोडतात, वाळू देतात, पावसाआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेटवतात आणि राखेत काठीने भोकं पाडून भात टोकतात. एक-दोन पिकं घेतली की कसावा वगैरे, मग जमीन सोडून द्यायची, झाडोरा वाढू द्यायचा. आपल्याकडे कोकणात, मावळात राब भाजतात तेव्हा ज्यांनी तो धूर बघितलाय त्यांना राखेचं मोल सांगायला नको.

या तावीवर बंदी घालणं हा तिथल्या प्रत्येक सरकारचा आवडता उद्योग आहे. १८८१ मध्ये राणी रानावालोना दुसरी हिने ३०५ कलमांची संहिता काढली त्यात जंगल जाळणाऱ्याला बेड्या होत्या. १८९६ ला फ्रेंचांनी बेट खालसा केलं, त्यांनी पण बंदी घातली, पण त्याचबरोबर मोठमोठे जंगलाचे पट्टे लाकूड कंपन्यांना आणि कॉफीच्या मळेवाल्यांना दिले आणि गावकऱ्यांवर कर आणि वेठबिगार लादली. तावी करणारा माणूस डोंगरात स्वतःचा भात पिकवून स्वतंत्र राहतो, मजुरीला येत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. वेठबिगार कागदोपत्री बंद झाली १९४६ ला, आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेंचांविरुद्ध जो उठाव झाला तो याच पूर्वेकडच्या पट्ट्यात सगळ्यात जोरात होता, हजारो माणसं त्यात गेली. तेव्हा त्या डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसाला तावी बंद करा असं सांगायला जीपमधून कुणी आलं तर त्याला पर्यावरण आठवत नाही, आजोबा आठवतात.

सव्वाशे-दीडशे वर्षं बंदी आहे आणि तरी चालू आहे, तर मग असं का हे विचारायला नको? कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. खालच्या दरीत पाणथळ भातखाचरं आहेत, पण ती थोडी, ज्यांचे पूर्वज आधी आले त्यांच्याकडे, आणि चक्रीवादळात पूर आला की गाळाने भरून जातात. डोंगरावरचा भात वादळातही थोडाफार हाती लागतो. जमीन आम्लधर्मी, निकस, खत विकत घ्यायचं तर पैसे नाहीत आणि पाठीवरून वाहून आणायला लागतं कारण रस्ता नाही. राख फुकट मिळते. आणि जंगल साफ करून पिकाखाली आणलेली जमीन ही रूढीप्रमाणे ज्याने साफ केली त्याची, त्याच्या पोरांची. म्हणजे नवीन लग्न झालेल्या पोराला वाटणीत काही येणार नसेल तर जमीन कमवायचा तेवढा एकच मार्ग. या चारही गोष्टींतली एकसुद्धा बंदीने बदलत नाही.

मी तावीचं कौतुक करत नाहीये, नीट वाचा. जंगल खरंच चाललंय. १९५३ ते २०१४ या काळात बेटावरचं ४४ टक्के नैसर्गिक जंगल गेलं असा उपग्रह आणि जुन्या नकाशांवरून काढलेला अंदाज आहे. पूर्वी जमीन दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवायचे, आता माणसं वाढली आणि तीन-पाच वर्षांत पुन्हा पेटवतात, त्यामुळे झाडोरा नीट येतच नाही, मग गवत, मग काही नाही. हे गावकऱ्यांना कुणी शिकवायला नको, आजोबांच्या वेळी पोतं भरायचं तिथे आता टोपली भरत नाही हे ते स्वतः सांगतात. पण "बेटाचं ९० टक्के जंगल माणसाने जाळलं" हे जे वाक्य प्रत्येक माहितीपटात येतं ते मात्र मुळातच कच्चं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञांनी गृहीत धरलं की अख्खं बेट एकेकाळी जंगलाने झाकलेलं होतं आणि मधल्या पठारावरचं सगळं गवत म्हणजे गावकऱ्यांनी केलेली नासाडी. आता संशोधक सांगतात की त्यातली बरीच गवताळ माळरानं माणूस यायच्या कितीतरी आधीपासूनची आहेत. म्हणजे ज्या पापाची शिक्षा लोकांना शंभर वर्षं दिली त्यातलं थोडंफार पाप तरी त्यांनी केलेलंच नव्हतं.

शिवाय जंगल फक्त तावीने जातं का? राजधानी अंतानानारिवोसारख्या शहरांत बहुसंख्य घरांची चूल कोळशावर चालते, तो कोळसा कुठून येतो? २००९ मध्ये सत्तापालट झाला आणि मासोआला, मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत रोझवूडची जी लूट झाली, ओंडके जहाजांत भरून चीनकडे गेले, त्यात गावातल्या पोरांना ओंडका ओढायची मजुरी मिळाली, बाकीचं कुणाला मिळालं ते उघड आहे. पण ड्रोनला धूर दिसतो, कंटेनर दिसत नाही.

२००३ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मार्क रावालोमानाना यांनी डर्बनच्या परिषदेत जाहीर केलं की संरक्षित क्षेत्र १७ लाख हेक्टरवरून ६० लाख हेक्टर करू. टाळ्या वाजल्या, देणगीदार खूश. त्यातलं एक मोठं क्षेत्र म्हणजे पूर्वेकडचा आंकेनिहेनी-झाहामेना पट्टा. तिथे जागतिक बँकेच्या नियमाप्रमाणे बंदीमुळे ज्यांचं नुकसान होईल त्यांना भरपाई द्यायची होती. नंतर संशोधकांनी तपासलं तर भरपाईच्या यादीत कोण सापडले, तर रस्त्याजवळ राहणारे, गावच्या कमिटीत ओळख असलेले, आणि जे जंगलाच्या कडेला आत राहतात, ज्यांचं पोट खरंच तावीवर आहे, ते बऱ्याचदा यादीतच नाहीत. यादी करणाऱ्याला तिथवर चालत जायचं नव्हतं, आणि चालत गेला तरी आम्ही बेकायदा जंगल तोडतो हे त्याच्या वहीत लिहून द्यायला कोण तयार होणार? ही यादी करण्याची पद्धत कुठे बरं पाहिलीय असं वाटलं असेल तर बरोबर वाटलं, धरणग्रस्तांच्या याद्या आपल्याकडे काही वेगळ्या होत नाहीत.

मग कुणी म्हणेल की कायदा गावाच्या हातात द्यायचा होता. दिला ना, १९९६ चा जेलोज कायदा त्यासाठीच होता, फुकुनुलुना म्हणजे गावसभेशी करार करून जंगलाची व्यवस्था गावाकडे सोपवायची, आधी तीन वर्षं, नीट चाललं तर पुढे दहा. कल्पना मला अजूनही चांगली वाटते. पण प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी गावाकडे आली ती राखणदारी, शेजाऱ्याला पकडायचं, दंड करायचा, आणि त्याबदल्यात पैसे जवळजवळ नाहीत. अधिकार म्हणून जे दिलं ते बिनपगारी पोलिसाचं काम निघालं.

दक्षिणेकडे जाऊ, आंद्रोय भागात, तान्द्रोय लोकांचा कोरडा काटेरी मुलूख. इथे दुष्काळाला केरे म्हणतात आणि जुनी माणसं आयुष्य केरेंनीच मोजतात, आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाआधी आणि नंतर असं म्हणतात तसं. २०२१ मध्ये तिथे दहा लाखांहून जास्त लोकांची उपासमार चालली होती, लोक निवडुंगाची पानं आणि टोळ खात होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न कार्यक्रमाने जगाला सांगितलं की हा हवामान बदलामुळे आलेला जगातला पहिला दुष्काळ. बातमी जगभर गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हवामानशास्त्रज्ञांच्या गटाने आकडे तपासून सांगितलं की पाऊस कमी झाला हे खरं, पण त्यात हवामान बदलाचा वाटा फार थोडा, तिथला पाऊस मुळातच लहरी आहे, आणि माणसं मेली ती गरिबीमुळे, पायाभूत सोयी नसल्यामुळे, कोरोनाच्या निर्बंधांत हंगामी मजुरीसाठी बाहेर जाता न आल्यामुळे.

मला इथे हवामान बदल खोटा आहे वगैरे म्हणायचं नाहीये, पूर्वेकडची चक्रीवादळं बघितली की असं बोलायची हिंमत होणार नाही. पण आंद्रोयमधल्या आंबुवोम्बे गावच्या बाईला पाणी डब्यावर विकत घ्यावं लागतं, दक्षिणेला जोडणारा आरएन १३ हा रस्ता पिढ्यान्पिढ्या खड्ड्यात राहिला, आणि या दोन गोष्टींचा जाब कुणाला विचारायचा हे तिला माहीत आहे. दुष्काळाचं खापर आकाशावर फोडलं की अंतानानारिवोतला मंत्री सुटतो.

आणि इतिहास तर आणखी वाईट. तान्द्रोय लोकांचा सगळा संसार राकेता म्हणजे काटेरी निवडुंगाभोवती होता. तो पण बाहेरूनच आलेला, फ्रेंचांनीच अठराव्या शतकात आणलेला, पण लोकांनी त्याला असा वापरात आणला की फळ माणसाला, पानं काटे भाजून गुरांना, त्यातलंच पाणी, आणि गावाभोवती त्याचंच कुंपण, ज्यातून फ्रेंच शिपाई सुद्धा आत शिरू शकत नव्हते. १९२४ मध्ये कोचिनील नावाचा, निवडुंगावर जगणारा किडा सोडला गेला आणि चार-पाच वर्षांत सगळा निवडुंग संपला, गुरं मेली, माणसं मेली, उरलेली मळ्यांवर मजुरीला गेली. वसाहतीच्या कागदांत निवडुंग म्हणजे आळशी लोकांचं अन्न आणि निरुपयोगी झुडूप होतं, काही अधिकाऱ्यांनी तेव्हाही विरोध केला होता, पण मत जिंकलं ते ज्यांना निवडुंग नको आणि मजूर हवे होते त्यांचं.

फामादिहानावर फार बोलत नाही, कारण त्याच्यावर आधीच जास्त बोललं जातं. पठारावरचे मेरिना आणि बेत्सिलेओ लोक हिवाळ्यात, काही वर्षांच्या अंतराने, पूर्वजांना थडग्यातून बाहेर काढून नवीन रेशमी वस्त्रात गुंडाळतात, नाचतात, गावजेवण घालतात. २०१७ मध्ये प्लेगची साथ आली, चोवीसशेच्या वर रुग्ण, दोनशेच्या वर मृत्यू, तेव्हा परदेशी पेपरांनी मथळे दिले की प्रेतांबरोबर नाचल्यामुळे प्लेग. ती साथ मुख्यतः फुफ्फुसाच्या प्लेगची होती, खोकल्यातून पसरणारी, आणि सुरुवातीचा रुग्ण खच्चून भरलेल्या टॅक्सी-ब्रूसमधून, म्हणजे तिकडच्या वडाप गाडीतून, पूर्व किनाऱ्याकडे निघाला होता. बस वाईट, दवाखाना लांब, यात मथळा होत नाही. खर्चाचं म्हणाल तर हो, लोक कर्ज काढून करतात, गावातलीच तरुण पोरं त्यावर कुरकुर करतात, काही चर्चवाले तर सोडूनच देतात. पण त्या समारंभातच कोण कुणाचा, कुणाचा जमिनीवर हक्क, शहरात गेलेला भाऊ अजून आपला आहे का, हे सगळ्यांसमोर ठरतं. जिथे सात-बारा नाही तिथे थडगं हाच उतारा.

जमिनीवरून आठवलं. फ्रेंचांच्या कायद्यात ज्या जमिनीचा कागद नाही ती सरकारची असं गृहीत होतं, ते स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तसंच राहिलं, २००५ मध्ये कुठे ते बदललं आणि गावपातळीवर जमिनीचे दाखले द्यायला सुरुवात झाली. तरी २००८ च्या शेवटी बातमी फुटली की कोरियाच्या देवू कंपनीला १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या भाड्याने देणार, मका आणि पामतेलासाठी. कंपनीच्या बाजूचं म्हणणं होतं की ती जमीन नुसती पडून आहे. पडून म्हणजे काय, तर त्यावर गुरं चरतात, पडीक ठेवलेले तावीचे तुकडे आहेत, पूर्वज पुरलेत. लोक इतके भडकले की रावालोमानानांची खुर्ची जाण्यात त्या रागाचाही वाटा होता, आणि नवीन सरकारने मार्च २००९ मध्ये आल्या आल्या तो करार रद्द केला. आपण फार उड्या मारायला नकोत, मुंबईची वरुण कंपनी पण त्याच सुमाराला तिथे भातशेतीसाठी जमिनीचे करार करत होती.

आता उलट बाजू. गावकरी बाहेरच्याकडे कसं बघतात? गोऱ्याला वाझाहा म्हणतात, पोरं वाझाहा वाझाहा ओरडत मागे लागतात, व्हिडिओत ते फार गोड वाटतं. पण त्याच खेड्यांत अशीही वदंता पिढ्यान्पिढ्या फिरते की वाझाहा माणसांचं काळीज किंवा रक्त काढून नेतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये नोसी बे बेटावर अवयवचोरीच्या अफवेवरून जमावाने दोन युरोपियन आणि एका स्थानिक माणसाला मारून जाळलं. ते भयंकर होतं आणि त्याला कुठलंही "समजून घ्या" लागू होत नाही. पण अशी अफवा रुजते कुठे, तर जिथे शंभर वर्षं बाहेरून माणसं येतात, मोजतात, नमुने घेतात, फोटो काढतात, सही मागतात, जातात, आणि त्यांनी काय नेलं आणि त्याचं काय केलं हे परत येऊन कुणी सांगत नाही. राजधानीहून आलेला मेरिना साहेबसुद्धा किनाऱ्यावरच्या गावाला जवळपास तेवढाच परका. आणि आपले गुजराती, ज्यांना तिकडे काराना म्हणतात, ते चार-पाच पिढ्या तिथे दुकानं चालवतात तरी दंगल झाली की पहिला दगड त्यांच्याच शटरवर.

म्हणून गाव म्हणेल ते खरं असंही मी म्हणणार नाही. गाव म्हणजे एक माणूस नाहीये. फुकुनुलुनात बोलतात ते वयस्कर पुरुष, खाचरांचे मालक. पठारावर गुलामांचे वंशज, गुलामगिरी १८९६ ला संपली तरी, अजून लग्नात, थडग्याच्या जागेत, जमिनीत मागेच ठेवले जातात, आणि बाहेरून येणाऱ्याला "आमच्यात सगळे एकमेकांचे नातलग" हेच ऐकवलं जातं. एकमेकांच्या शेतावर हात लावायची तिकडची पद्धत, आपल्या इर्जिकीसारखी, फार सुंदर आहे, पण तिथेही ज्याच्याकडे जेवण घालायला तांदूळ नाही तो लोकांना बोलवू शकत नाही. फादी म्हणजे निषेध, त्याच्याबद्दल निसर्गप्रेमी मंडळी भारावून बोलतात, इंद्री लेमूरला मारणं बेत्सिमिसाराकांत निषिद्ध म्हणून तो वाचला वगैरे, खरं आहे, पण आय-आय नावाच्या लेमूरला अपशकुनी म्हणून मारतात तेही फादीच्याच दुनियेतलं. सोयीचं तेवढं घेऊन परंपरेची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय, लेमूर मरू द्यायचे? हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि विचारण्याची पद्धत अशी असते की जणू एका बाजूला लेमूर आणि दुसऱ्या बाजूला माणूस एवढंच काय ते आहे. माझं उत्तर सोपं आहे, बंदीआधी पैसे. ज्या जंगलाने जगाचा कार्बन साठतो आणि जगाला लेमूर बघायला मिळतात त्याची किंमत आज ज्याच्या घरात कापुआका मोजून शिजतो तो भरतोय, ती जगाने भरावी, आणि संरक्षित क्षेत्राचा फलक लावण्याच्या आधी भरावी. यादी रस्त्यापासून न करता जंगलाच्या कडेपासून सुरू करावी. पडीक तावीची जमीन ही पडीक नाही, वापरातली आहे, असं धरून तिचा दाखला द्यावा. जानेवारी ते मार्चचा तांदूळ सुगीच्या भावात मिळेल अशी कोठारं त्या गावांत आधी उभी करावीत, मग श्री पद्धत शिकवावी. हे महाग पडेल, पडू दे, आत्ताही कुणीतरी भरतंच आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की रोख पैसे दिले तर लोक दारूत आणि फामादिहानात उडवतील. काही जण उडवतीलही. पण त्याच प्रकल्पात परदेशी सल्लागाराचं मानधन असतं, एसी गाडी असते, राजधानीतल्या हॉटेलात कार्यशाळा असते, आणि ते पैसे कुणी कशात उडवले याचा सर्व्हे करायला अजून तरी कोणी वही घेऊन गेलेलं मी वाचलेलं नाही.